डॉक्टरांचं पुस्तक आणि मालणचा अडलेला हात

राम कृष्ण हरी, मंडळी! टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाले महाराज, तुम्हीही बोटं मोकळी करून घ्या. नमन झालं, निरूपण झालं, आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका — चुकेल!

एका माणसाकडं विद्या आहे. खरी, हातात मुरलेली विद्या. त्यानं ती दुसऱ्याला सांगितली. नुसती सांगितली नाही, लिहून दिली! छापून दिली! आता सांगा, ती विद्या दुसऱ्याला पोचली का?

पोचली म्हणता? बघा, पुढं बसलेले आबा मान डोलावतायत. आबा, तुमच्या नव्या फोनच्या खोक्यात माहितीचं पुस्तक होतं की नाही? होतं! वाचलंत? नाही! मग फोन लावायला कुणी शिकवलं? नातीनं! हसू नका मंडळी, तुमच्या खोक्यातलं पुस्तक तरी कुठं उघडलंय? मग त्या पुस्तकातली विद्या अडली कुठं — लिहिणाऱ्यापाशी, की वाचणाऱ्यापाशी? मला या गोष्टीचं फार कुतूहल आहे. ऐका तर.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, नाहीतर तिथली माणसं उद्या माझ्या दारात उभी राहतील. गाव दुधाचं. घरटी दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर किटल्यांची रांग. त्या भागात डॉक्टर भालचंद्र इंगवले नावाचे गुरांचे डॉक्टर. एकतीस वर्षं नोकरी! अडलेली म्हैस सोडवावी तर इंगवले डॉक्टरांनी, असा लौकिक. पण एकतीस वर्षं रेडकं ओढून ओढून उजवा खांदा कामातून गेला. हात खांद्याच्या वर जाईना, सदरा घालायला दुसरं माणूस लागायला लागलं.

निवृत्त झाले आणि त्यांच्या मनानं घेतलं — हात गेला, पण हातातली विद्या जाता कामा नये! पुस्तक लिहायचं! हेतू चांगला होता मंडळी. अगदी सोन्यासारखा माणूस. दोन वर्षं टेबलाशी बसले आणि पुस्तक लिहिलं. तीनशे बारा पानं! जाड पुठ्ठा! नाव काय? ‘महिष संगोपन व प्रसूतिविज्ञान’! प्रकाशनाला मंडप, शाल, नारळ, भाषणं. डेअरीच्या प्रत्येक सभासदाला एक प्रत मिळाली. सगळे म्हणाले, ‘‘वा डॉक्टर! लई मोठं काम केलं!’’ डॉक्टरांना धन्य धन्य वाटलं.

आणि पुस्तकाचं काय झालं? लोक सज्जन हो! एवढ्या मोठ्या माणसाचं पुस्तक जमिनीवर ठेवायचं कसं? गेलं देव्हाऱ्यात. पोथीशेजारी! दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. गावात एकही पुस्तक असं नव्हतं की ज्याची पूजा झाली नाही. आणि एकही असं नव्हतं की ज्याचं चाळिसावं पान कुणी बघितलंय!

वर्ष गेलं. एक दिवस डॉक्टर ओसरीवर पेपर वाचत बसलेत. फाटक वाजलं. आली कोण? मालण शेवाळे. पस्तिशीची बाई, नवरा ट्रकवर, घरात म्हातारी सासू तान्हूबाई आणि गोठ्यात चंद्री नावाची म्हैस. मालणच्या हातात पुस्तक. पुठ्ठ्यावर कुंकू.

डॉक्टर खूश! ‘‘ये ये मालण! वाचलंस वाटतं?’’

‘‘परत घ्या हे बुक, डाक्टर.’’

‘‘का गं? काय झालं?’’

‘‘चंद्रीचं रेडकू गेलं.’’

मग तिनं सांगितलं. चंद्रीला कळा सुरू झाल्या भर दुपारी. पाणमोट फुटली, पुढचे दोन पाय दिसायला लागले — पण तोंड नाही! नुसतेच पाय! नवीन डॉक्टरांना फोन केला, ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. तीन तास लागतील म्हणाले. तेव्हा तिला आठवलं, आपल्याकडं बुक आहे! पळत गेली, देव्हाऱ्यातून काढलं, उघडलं. पहिल्या पानावर डॉक्टरांचा फोटो. दुसऱ्या पानावर शुभेच्छा. तिसऱ्यावर आणखी शुभेच्छा! मग ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांचे आभार — त्यात डॉक्टरांचे साडू, मेहुणे, सगळे! मग म्हैस या प्राण्याचा आजवरचा इतिहास. तिकडं चंद्री आडवी पडून कण्हतेय आणि इकडं ही बाई इतिहास उलटतेय!

‘‘मी ‘पाय आले, तोंड न्हाई’ असं कुठं लिवलंय ते बघत व्हते,’’ मालण म्हणाली. ‘‘न्हाईच कुठं. मग दोघीतिघींनी मिळून पाय ओढले. रेडी व्हती, डाक्टर. मेलेलीच आली.’’

डॉक्टरांना वाईट वाटलं हो. पण त्याआधी काय आलं माहितीय का? राग! माणसाचं असंच असतं! उठून उभे राहिले. ‘‘सगळं आहे त्यात! पान एकशे सत्याऐंशी! नीट बघायला नको?’’

मालण म्हणाली, ‘‘आसंल. पर माझी म्हस पानावर न्हाई व्याली डाक्टर, गोठ्यात व्याली.’’

पुस्तक ओसरीवर ठेवलं आणि गेली.

डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारभर येरझाऱ्या. मनात सारखं एकच — अडाणी बाई! अडाणी गाव! कुणासाठी लिहायचं? पण मंडळी, या माणसाचा एक गुण सांगतो, तो तुम्हाआम्हाला थोडाथोडा यावा. त्यांचा राग संध्याकाळपर्यंतच टिकला. मग त्यांना पडला प्रश्न. म्हैस अडली की डॉक्टर म्हशीला शिव्या देतो का? नाही! तो आत हात घालून बघतो, अडलंय कुठं! मग पुस्तक अडलंय तर वाचणाऱ्याला शिव्या द्यायच्या कशाला? बघू या की अडलंय कुठं!

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर डेअरीवर हजर. सरकी पेंडीच्या पोत्यावर बसले. बायकांची रांग लागलेली. म्हणाले, ‘‘बायांनो, मी एक पान वाचतो. तुम्ही फक्त ऐका.’’ आणि काढलं पान एकशे सत्याऐंशी. काय होतं त्यावर? ऐका हं! ‘गर्भाची ग्रीवा पार्श्वभागी वळलेली असल्यास गर्भास प्रतिसारित करून ग्रीवेचे ऋजूकरण करावे.’

कळलं? मलाही नाही! आणि मी पाठशाळेत सहा वर्षं संस्कृत घोकलंय!

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं पदर सारखा केला. दुसरी म्हणाली, ‘‘माझ्या दुधाचं फॅट बघायचं ऱ्हायलंय,’’ आणि उठून गेली. डॉक्टरांनी खिशातून पेन्सिल काढली. त्या वाक्याखाली रेघ मारली आणि लिहिलं — ‘इथं उठली’.

मला सांगा, कोण करतो हो असं? आम्ही कीर्तनकार तर मुळीच नाही करत. कुणी उठून गेलं की आम्ही म्हणतो, त्याचं पुण्य कमी पडलं!

डॉक्टर रोज जायला लागले. रात्री चार ओळी नव्या लिहायच्या, सकाळी डेअरीवर वाचायच्या. समासात पेन्सिलीनं खुणा. ‘इथं जांभई.’ ‘इथं हसल्या — का?’ ‘इथं दोघी आपसात बोलायला लागल्या.’ आणि विचारायचं — ‘‘याला तुम्ही काय म्हणता?’’ बायका खुलल्या! ‘‘आवं, ग्रीवा काय? मान मोडून बसलंय म्हना!’’ तसं लिहिलं. ‘कळ थांबली की रेडकू आत ढकला,’ असं वाचलं तर एक जण कमरेवर हात ठेवून भांडायलाच उठली — ‘‘जनावर भाईर येतंय अन् आत ढकला? शाणं हायसा का?’’ तेव्हा त्यांना कळलं, का ढकलायचं ते सांगितल्याशिवाय कुणी ढकलणार नाही. मग लिहिलं — ‘वाटेत जागा नाही. मान सरळ करायला जागा आतच आहे, म्हणून आत ढकला.’

मालण सुरुवातीला लांब उभी राहायची. दूध घालायची आणि जायची. एक दिवस तिनंच विचारलं, ‘‘पर डाक्टर, हात शेणानं अन् पाण्यानं भरलेला असतोय. बुक धरायचं कशानं?’’ डॉक्टर बघतच राहिले! एकतीस वर्षांत हे सुचलं नव्हतं, कारण त्यांना तिथं पुस्तक लागतच नव्हतं! पुस्तकाला भोक पडलं, दोरी आली. गोठ्यातल्या खुंटीला टांगायचं. अक्षर एवढं मोठं की चार हातांवरून वाचावं.

फोटो गेला. शुभेच्छा गेल्या. साडू गेले! ते नंतर बोलेनात, असं ऐकलंय. इतिहास गेला. तीनशे बारा पानांची चाळीस झाली. आणि पहिल्याच पानावर मोठा प्रश्न — ‘काय दिसतंय?’ दोन पाय आणि नाक दिसतंय? घाई करू नका, थांबा. नुसतेच पाय? पान नऊ. शेपूट दिसतंय? पान चौदा.

म्हणजे आता झालं पुस्तक तयार? डॉक्टरांना तसंच वाटलं. छापखान्यात द्यायच्या आधी त्यांनी हातानं लिहिलेली एक वही दोरीला बांधून मालणकडं दिली. का? कारण चंद्रीचे पुन्हा दिवस भरत आले होते.

आता नीट ऐका. माघाचा महिना, सकाळी अकराचा सुमार. तान्हूबाईनं शेजारच्या पोरीला डॉक्टरांकडं पिटाळलं. डॉक्टर आले तेव्हा चंद्री आडवी पडलेली. मालण खाली बसलेली. दोन पाय दिसतायत — आणि तोंड नाही! तेच! पुन्हा तेच! नव्या डॉक्टरांना फोन लागला, पण त्यांना यायला वेळ होता. आणि इंगवले डॉक्टरांचा हात? सदऱ्याच्या बाहीत जात नव्हता, तो म्हशीच्या पोटात काय जाणार!

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मालण म्हणाली, ‘‘गप उभं ऱ्हावा. तुमी सांगितलं की मला समदं कळतंय. पर तुमी काय समद्या गोठ्यांत असणार हाय का? मला अडलं तरच बोला.’’

काय बाई आहे बघा! मागच्या खेपेची रेडी गेलेली. हेही रेडकू गेलं तर चंद्रीचंही काही खरं नाही, घरातलं दुभतं तेवढं एकच. आणि तरी म्हणते, बुकाला बोलू द्या!

वही खुंटीला. मालणनं मान वर करून वाचलं. काय दिसतंय? नुसतेच पाय. पान नऊ. सासूनं पान उलटून दिलं. ‘ओढू नका.’ नाही ओढलं. ‘नखं कापा. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा. तेल लावा.’ धुतला, लावलं. ‘कळ थांबेपर्यंत थांबा.’ थांबली. ‘आता हात आत घाला.’

आणि मालणचा हात थांबला.

एक कळ गेली. दुसरी आली. हात तिथंच! डॉक्टर ओठ चावतायत. वाक्य तर सोपं आहे! चार शब्द! डेअरीवर पंधरा वेळा वाचलेलं! कुणी उठलं नव्हतं, कुणी जांभई दिली नव्हती! शेवटी राहवेना. ‘‘मालण, कळलं नाही का गं? घाल की हात!’’

ती नुसती आपल्या मनगटाकडं बघतेय.

बायांनो, तुम्हाला कळलं असेल. पुरुषमंडळी, तुम्हाला कळलं का? नाही ना? डॉक्टरांनाही नाही कळलं! मनगटात डझनभर हिरव्या बांगड्या. काचेच्या! हात आत गेला आणि एक जरी फुटली, तरी आतून फाटायचं जनावर.

‘‘अगं मग काढ की त्या!’’ डॉक्टर ओरडले.

काढ की! म्हणायला काय जातं? नवरा घाटात ट्रक चालवतोय. सवाष्ण बाईनं भरला हात रिकामा करायचा — तोही सासूसमोर, तिचा लेक रस्त्यावर असताना? कासार नव्या बांगड्या भरतो तेव्हासुद्धा जुनी एक तरी हातात ठेवतो, मनगट मोकळं होऊ देत नाही. तुम्ही म्हणाल खुळ्या समजुती. असतील! पण ती समजूत त्या घटकेला त्या हातात होती, आणि हात काही आत जात नव्हता.

डॉक्टरांची नजर त्या मनगटावर गेली. एकतीस वर्षांत त्यांनी किती गोठ्यांत बायकांना झापलं होतं — ‘वेळेवर हात का नाही घातला? अडाणी कुठच्या!’ त्या प्रत्येक गोठ्यातली मनगटं त्यांच्या डोळ्यापुढं आली. त्यांनी सगळं लिहिलं होतं, ते स्वतःच्या हातावरून. आणि त्या हातात कधी बांगडी नव्हती!

मग तान्हूबाई पुढं आली. सत्तरीची म्हातारी, कपाळ मोकळं, दोन्ही हात मोकळे, बोटं संधिवातानं वाकडी. तिनं सुनेचा उजवा हात धरला. म्हणाली, ‘‘मालण, ह्या हातातल्या काढ अन् त्या हातात भर. डाव्या हातात चोवीस असू दे. काकणं अंगावर असली म्हंजे झालं. माझ्या लेकाला काय हुत न्हाई. मी सांगते!’’

आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘माझ्या हातात बळ असतं तर मीच घातला असता गं.’’

मंडळी, बघा! ज्या बाईच्या हातात बांगड्या उरल्या नाहीत, तिनं सुनेच्या बांगड्या एकेक करून या हातातून त्या हातात सरकवल्या! तेल लावलेलंच होतं. एकही फुटली नाही.

हात आत गेला! कळ थांबली तसं रेडकू आत ढकललं. नाक चाचपलं, सापडलं! ओंजळीत धरून मान फिरवली. मग कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं. जमिनीच्या दिशेनं ओढायचं, वही सांगत होती. पाय आले, पायांवर नाक आलं, आणि सगळं रेडकू एकदम मालणच्या मांडीवर! श्वास नाही! तान्हूबाईनं पान उलटलं — ‘नाकातोंडातला चिकटा पुसा. गवताची काडी नाकात फिरवा.’ फिरवली. एकदा. दोनदा. आणि — फट् करून शिंकलं! रेडी होती, मंडळी! जिवंत!

बोला, गजर करावासा वाटतो की नाही? थांबा, करू नका. खरं आख्यान आता आहे.

चंद्री रेडकाला चाटायला लागली. मालण भिंतीला टेकून बसली, अंग सगळं माखलेलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, ‘‘जिंकलीस पोरी!’’ आणि मालण रडायला लागली. म्हणाली, ‘‘डाक्टर, मागल्या बारीलाबी मी हितंच थांबले व्हते. बुकात सापडलं न्हाई हे खरं. पर हात घालायला पायजे, येवढं मला बुकाबिगरबी ठावं व्हतं. आमची आजी घालायची. मी काकणांपायी न्हाई घातला. कुणाला सांगितलं न्हाई. समदा दोष बुकावर टाकला.’’

ऐकलंत? दीड वर्ष ही बाई एवढं ओझं घेऊन डेअरीवर येत होती! आणि डॉक्टर तिला रोज विचारत होते, कुठं अडतं, कुठं अडतं? पान सापडत नाही, तिनं सांगितलं. बुक धरायचं कशानं, तिनं विचारलं. खरं जिथं अडत होतं ते नाही सांगितलं. लाजेनं नाही सांगितलं. ते तिच्या शेजारी, गोठ्यात, उभं राहिल्यावर दिसलं.

डॉक्टर तिला रागावले का? नाही. खाली बसले, त्या ओल्या जमिनीवर, आणि म्हणाले, ‘‘मालण, मागच्या वेळी पुस्तकावर दोष टाकलास तो बरोबरच टाकलास. हे त्यात असायला हवं होतं.’’ मग उठले; वही वर खुंटीला, उजवा हात तिथवर जाईना, म्हणून डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, त्यांनी पान नऊच्या अगदी वर लिहिलं — ‘आधी उजव्या हातातल्या बांगड्या काढून डाव्या हातात भरा.’ नंतर एक शिकलेले स्नेही हसले त्यांना. म्हणाले, ‘‘हे कोणत्या शास्त्रात आहे?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘कोणत्याच नाही. म्हणून तर लिहावं लागलं.’’

आता तुमच्याकडं वळतो. सुटका नाही!

इथं बसलेल्या प्रत्येकाकडं काहीतरी विद्या आहे. कुणाला कलम बांधता येतं, कुणाला गुळाचा पाक ओळखता येतो, कुणाला नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं कळतं. तुम्ही ती पुढच्याला सांगताही. आणि त्याला जमलं नाही की काय म्हणता? ‘शंभरदा सांगितलं त्याला!’ अहो, शंभरदा सांगितलंत, पण एकदा तरी शेजारी उभं राहून बघितलंत का, त्याचा हात कुठं थांबतो? सूनबाईला सांगितलंत, मुलाला सांगितलंत, शाळेतल्या पोरांना सांगितलंत — बघितलंत का?

आणि तुम्हाला कशाला बोलू? मी सत्तावीस वर्षं कीर्तन करतोय. संपलं की तुम्ही पाया पडता, म्हणता, ‘बुवा, छान झालं!’ आणि मी फुलून जातो. छान झालं म्हणजे काय झालं? उद्या सकाळी उठून तुम्ही त्यातलं काय करणार? मी आजवर एकालाही विचारलेलं नाही. भीती वाटते हो! काहीच नाही म्हणालात तर?

म्हणून आज रीत मोडतो. प्रसादाला पंगत बसेल तेव्हा मी वाढायला येणार आहे. पानापानाशी थांबणार आहे. ‘छान झालं’ म्हणायचं नाही! मी सांगतो त्यातलं तुम्हाला काय करावंसं वाटतं, आणि तुमचा हात कुठं अडतो, तेवढं सांगायचं. लाज वाटली तर कानात सांगा. मी रागावणार नाही, उपदेश करणार नाही, देवाची शपथ.

हात जोडा. एक क्षण डोळे मिटा. जे नाव तुम्हाला लहानपणी आईनं शिकवलं, ते मनात एकदा घ्या. घेतलंत? उघडा डोळे.

मी बोलायचं तेवढं बोललो. आता तुम्ही बोला, मी गप्प बसतो.